मोडलेलं आवतण

आमच्या उपकेंद्रात कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न विषयाचा नसतो आणि पाहुण्यांचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, पोरं येणार का? आणि तो विचारताना सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, कारण मी प्रसिद्धीप्रमुख. तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी, दर वर्षी नव्यानं मुलाखत देणारी, आणि 'तुम्ही इथल्याच ना, मग तुम्हालाच जमेल' एवढ्या एका पात्रतेवर हे लचांड गळ्यात पडलेली. इथलीच आहे, खरंय. विद्यापीठाच्या या उपकेंद्राच्या गच्चीवरून आमचा कोळीवाडा दिसतो. पण म्हणून काय पोरांना दोरी बांधून आणू?

पोस्टर लावलं की खारा वारा ते संध्याकाळपर्यंत फाडून टाकतो. इन्स्टावर टाकलं की पोरं बदाम देतात आणि येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलं की खाली अंगठ्यांची रांग लागते, आणि त्या अंगठ्यांचा अर्थ 'पाहिलं, आता पिडू नका' एवढाच. वर्गावर्गात जाऊन घसा फोडून सांगितलं की दोन प्रश्न येतात: सर्टिफिकेट आहे का, आणि नाष्टा आहे का. दोन्ही आहे म्हटलं तरी दुपारची एसटी चुकली की पुढची थेट दिवेलागणीला. मुली निघून जातात, आणि त्यांना अडवायचं तरी कुठल्या तोंडानं? मग उरलेल्यांना मी पुढच्या रांगांत दाटीवाटीनं बसवते आणि फोटो असा काढते की मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत. फोटोवर जागा आणि तारीख उमटलेली लागते, नाहीतर तो अहवालात चालत नाही.

वाड्यात मात्र आमच्या प्रसिद्धीला भलतीच मागणी. 'बॅनर झाला की दे गो,' असं मला निदान चार घरांनी सांगून ठेवलेलं असतं. फ्लेक्स पावसाळ्यात लाकडांवर टाकायला बरा, जाळ्यांवर टाकायला त्याहून बरा. एका परिसंवादाचे उद्घाटक अजून आमच्या शेजारच्या खुराड्यावर पालथे पडलेत. कोंबड्यांना निदान त्यांचं भाषण तरी ऐकावं लागलं नाही.

तर अशी मी. आणि आमच्या घरापासून तीन दारं सोडून माझी आत्या राहायची. ती वाड्याची धवलारीण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे लग्नात नुसता भटजी असून भागत नाही, धवलारीण लागते. हळद, मांडव, तेल, पाठवणी, जे जे म्हणून घडतं त्याला तिचं गाणं असतं, तोच धवला. कागदावर काही नाही, सगळं तोंडात. आणि सगळ्यांत लांबलचक धवला असतो तो आवतणाचा, म्हणजे बोलावण्याचा. आत्या मांडवात बसून एकेकाला नाव घेऊन बोलवायची. आधी गावदेवी, मग दर्या, मग डोंगर, मग पुढं कोण कोण. घराण्यातली मेलेली माणसंसुद्धा त्यात यायची. कुणाला विसरलं तर तो रुसतो, म्हणून एक नाव सुटता कामा नये. मी लहानपणी ऐकता ऐकता झोपायचे, त्यामुळे मला डोंगरापर्यंतच येत होतं.

ती मला पुष्कळदा म्हणायची, ये, बस माझ्या बाजूला, शीक. पण कधी दहावी, कधी बारावी, कधी नेट, दर वर्षी काहीतरी होतंच. आणि आत्या तिथंच होती ना, तीन दारं सोडून. जी वस्तू हाताशी असते ती घ्यायला कोण धावतं?

मी एकदा चिडवलं होतं तिला. म्हटलं, आत्या, तू म्हणजे देवांची प्रसिद्धीप्रमुख. ती सुक्या कोळंबीचे सोडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोलावलं की येतात. तुज्यासारखा फोटो काढून दाखवावा लागत न्हाय."

त्या वर्षी पावसाळ्यात तिचा आवाज बसला. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. बाजारात भाव करून करून बसला असेल, काढा घे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. मग गिळताना दुखायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथल्या मोठ्या इस्पितळात आठवडेच्या आठवडे गेले, आणि एकदाचं कळलं की घशात गाठ आहे आणि ती काढावीच लागणार. डॉक्टर समजूतदार होते. जीव वाचेल म्हणाले. आवाजाचं विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघून बोलायला लागले, तिच्याकडे नाही. तेव्हाच ती समजली.

परतताना तिनं एकच विचारलं, ऑपरेशनच्या आधी वाड्यात कुणाचं लग्न आहे का? आता चातुर्मासात कुणाचं लग्न असणार? तुळशीचं लागल्याशिवाय आमच्याकडे माणसांचं लागत नाही. मी म्हटलं, लग्नाचं काय घेऊन बसलीस, घरी बस, मोबाईलमध्ये सगळे धवले भरून घेऊ, एक दिवसात होतील. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"मोबाईलला काय मी आवतन देऊ?" ती म्हणाली. "म्होरं आवतनाची मानसं बसलेली लागतात. त्याबिगर धवला सुटत न्हाय."

मी खूप डोकं फोडलं. रडले, रागावले, आईकडून सांगून पाहिलं. पण ती ऐकणाऱ्यांतली नव्हतीच. तिचं म्हणणं, देवांना बोलवायचं आणि बसायला माणूस नाही, हा कुठला प्रकार? त्यापेक्षा नको. आता नको तर नको म्हणून मी गप्प बसायला हवं होतं, पण बसवेना. मला डोंगराच्या पुढचं काही येत नव्हतं आणि वाड्यात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. तिचा आवाज गेला की ती सगळी नावं गेली, इतका सरळ हिशेब होता.

नेमका त्याच दिवसांत आमच्या विभागाला लोकसंस्कृतीच्या कार्यक्रमासाठी निधी मंजूर झाला. आमचे विभागप्रमुख सर भला माणूस, फक्त वरून फोन आला की उभे राहून बोलणारे. मी त्यांना आत्याचं सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. कार्यक्रमाचा गाभाच मिळाला म्हणाले. मग मी आत्याकडे गेले आणि म्हटलं, सभागृहात मांडव घालू, कलश मांडू, आंब्याची पानं, तांदूळ, सगळं. माणसंही असतील. आता तरी गाशील?

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, माणसं कुठली? मी म्हटलं, विद्यार्थी. ती नको म्हणाली. वाड्यातली माणसं हवीत, आणि ती आवतण देऊन आलेली हवीत.

"आणि नवरा-नवरी?" मी विचारलं.

"ती नसली तर देव समजून घेतील. मानसं नसली तर देव बसतील कोनाच्या मांडीला मांडी लावून?"

शनिवार ठरला. रविवारी तिला मुंबईला नेऊन भरती करायचं होतं, त्यामुळे तोच शेवटचा दिवस. सरांना मी हे सगळं सांगितलं होतं. उपकेंद्राच्या संचालकांच्या कानावरही घातलं होतं. दोघंही 'अरेरे' म्हणाले होते.

मग मी आवतणाला निघाले. आमच्याकडे आवतण म्हणजे पत्रिका टाकून पळणं नव्हे. नाहून, कपाळाला कुंकू लावून, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन निघायचं. आधी गावदेवी, मग समुद्राकडच्या घरापासून ओळीनं एकेक दार. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा, घरातल्या बाईला कुंकू लावायचं, आणि सांगायचं, शनिवारी यायचं आहे, सगळ्यांनी. एक घर सुटलं तर त्याची सगळी भावकी घरी बसते. आत्या ओट्यावरून बघत होती, मी कुठलं दार चुकवते का ते.

आणि काय सांगू, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं काम आवडलं. एकानंही सर्टिफिकेट विचारलं नाही. नाष्टा विचारला नाही. कशाचा कार्यक्रम, कोण पाहुणे, काहीच नाही. आवतण आलं म्हणजे जायचं. बायका म्हणाल्या, बाजार लवकर उरकू. बापे म्हणाले, शनिवारी बोटी लावून ठेवू. ऐन हंगामात बोटी लावून ठेवणं म्हणजे काय ते दर्यावर पोट असलेल्यालाच कळेल. मी घरी आले आणि आईला म्हटलं, इतकी वर्षं मी उगाच पोस्टर चिकटवत बसले.

शुक्रवारी दुपारी सरांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की ते उभे आहेत.

प्रमुख पाहुणे मुंबईचे बडे अधिकारी होते. पुढच्या पंधरवड्यात त्यांचं सहकुटुंब हरिहरेश्वरला दर्शनाला जायचं ठरलं होतं. देवदर्शन आणि आपला कार्यक्रम एकाच फेरीत व्हावा, अशी त्यांची इच्छा. इच्छाच, आग्रह नाही, असं सर दोनदा म्हणाले. त्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलला होता.

मी संचालकांच्या केबिनमध्ये गेले. धावतच गेले. म्हटलं, सर, पाहुण्यांचं नंतर करा, भाषणं नंतर करा, उद्या फक्त सभागृह उघडं ठेवा. मांडव आम्ही घालतो. ते शांतपणे म्हणाले, मांडवाचा खर्च एकदाच मंजूर आहे. मी म्हटलं, मांडव नको, नुसती जागा द्या. ते म्हणाले, एकच कार्यक्रम दोनदा दाखवता येत नाही, तपासणीत अडचण येते. मग मी आत्याचं ऑपरेशन पुन्हा सांगितलं. गळ्याचं आहे, परवा निघायचं आहे, त्यानंतर आवाज राहील की नाही माहीत नाही. त्यांनी चष्मा काढला. खरंच वाईट वाटलं असावं त्यांना.

"ऑपरेशनची तारीख थोडी पुढे नाही घेता येणार?" त्यांनी विचारलं.

अगदी मायेनं विचारलं, हेच तर. कुणी खेकसलं असतं तर मी भांडले असते. मी काय करणार होते? माझी पुढच्या वर्षाची मुलाखत त्याच केबिनमध्ये व्हायची होती. मी 'बघते' म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोस्टरवर 'पोस्टपोन'ची आडवी लाल पट्टी टाकून सगळ्या गटांवर पाठवून दिलं. लगेच अंगठे आले. पोरं खूश होती, शनिवार मोकळा मिळाला.

वाड्यात मात्र तसं पाठवून भागणार नव्हतं. तोंडानं दिलेलं आवतण तोंडानंच फिरवायला हवं. मी उपकेंद्रातून तशीच वाड्यात गेले. कपाळ रिकामं, केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले. पहिलं दार आत्याच्या बाजाराच्या जोडीदारणीचं. दोघी कित्येक वर्षं शेजारी पाट्या लावून मासळी विकत होत्या. मला लाज वाटत होती म्हणून मी उंबऱ्याच्या आत गेलेच नाही. बाहेरच उभी राहिले आणि म्हटलं, मावशी, उद्याचं आवतण मोडलं. येऊ नका.

आता हे मी काय केलं, ते त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे दिलेलं आवतण कधी मोडत नाहीत. ते मोडतं एकाच प्रसंगी, ज्या घरचं आवतण त्या घरात सुतक आलं तर. आणि तेव्हा सांगायला येणारा असाच येतो, बिनकुंकवाचा, आणि असाच उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलतो. पोस्टपोन हा प्रकार आमच्या वाड्याला ठाऊक नाही. पाहुण्यांच्या हरिहरेश्वरासाठी आवतण फिरतं, हे कुणाच्या सात पिढ्यांत ऐकलेलं नाही.

मावशीच्या हातातलं भांडं पडलं. तिला आत्याच्या गाठीचं ठाऊक होतं. तिनं मला काही विचारलंच नाही, सरळ हंबरडा फोडला. मी नाही नाही म्हणत आत शिरले, पण तोवर शेजारीण बाहेर आली होती, ती ऐकून तिच्या पलीकडली, आणि गल्लीच्या त्या टोकाला पोचायला त्या रडण्याला वेळच लागला नाही. एवढी वर्षं प्रसिद्धीचं काम केलं, इतकी झपाट्यानं पसरलेली बातमी मी पाहिली नाही. मी रस्त्यात उभी राहून ओरडत होते की ती जिवंत आहे, काही झालेलं नाही. पण रडणाऱ्या बायकांत एक ओरडणारी बाई कुणाच्या लक्षात येते? सगळा वाडा आत्याच्या घराकडे निघाला. बंदरावरून बापे आले. कुणीतरी तिच्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, दोन्ही बाजूंनी धरून आणत होतं.

आत्या ओट्यावर बसून इस्पितळाची पिशवी भरत होती. नवी नऊवारी, तेलाची बाटली, सुकटाची पुडी. तिथं सुकट खाऊ देणार नाहीत हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. समोर सगळा गाव रडत आलेला बघून ती आधी दचकली आणि तिनं विचारलं, कोण गेलं?

मग जे काय झालं! मावशी तिच्या गळ्यात पडून आणखीच रडायला लागली. कुणी हसतंय, कुणी मला शिव्या घालतंय. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेही कुणीतरी म्हणालं, आणि पोरांच्या तोंडात साखर घालायला सुरुवात झाली. बाबा ओट्याच्या पायरीवर बसून नुसते घाम पुसत होते. मी मधे उभी राहून खरं काय ते सांगितलं. कार्यक्रम पुढे गेला. पाहुण्यांना देवाला जायचंय. उद्या आपल्याला सभागृहात जाता यायचं नाही.

आत्यानं पिशवीची गाठ मारली.

तेव्हा मला वाटलं, अगं, हेच तर हवं होतं. वाड्यातलं एकूण एक माणूस समोर आहे. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, आत्या, आत्ताच गा. सभागृह गेलं खड्ड्यात. माणसं आहेत ना समोर, मी मोबाईल धरते, तू सुरू कर. मागून चारपाच बायकाही म्हणाल्या, गा गो, गा.

तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. बायकांचे डोळे अजून ओले होते. तिचा आवाज तेव्हा इतका बसला होता की मागच्यांना ऐकू गेलं नाही, पुढच्यांनी मागे सांगितलं.

"ही मानसं रडाया आल्यात. रडाया आलेल्यांम्होरं धवला न्हाय."

मी हात जोडले. अक्षरशः जोडले. ती माझे हात खाली करून आत निघून गेली. उद्या ओट्यावर मांडव घालू, नव्यानं आवतण देते, असं मी दाराबाहेरून म्हणत राहिले, तर आतून उत्तर आलं की या घरात आज रडणं शिरलंय. आणि तसंही सकाळी बंदर रिकामं होतं. ज्यांनी बोटी लावून ठेवल्या होत्या ते भरतीबरोबर निघून गेले होते. त्यांना तरी कुठल्या तोंडानं थांबवायचं? बायका पाट्या घेऊन बाजाराला गेल्या. शनिवार असा गेला.

रविवारी मी आणि बाबा तिला घेऊन मुंबईला गेलो. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं माझ्यावर रागावली आहे. ऑपरेशनसाठी आत नेण्याच्या आधी, अंगावर हिरवा झगा असताना, तिनं मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"आवतन मोडलंय. ते जोडाया लागंल."

तिच्या आवाजातलं मी ऐकलेलं हे शेवटचं. गाठ निघाली, जीव वाचला, डॉक्टरांनी जे कबूल केलं होतं ते सगळं केलं. गळ्याला पट्टी घेऊन ती घरी आली. बोलायला जायची तेव्हा नुसती हवा यायची. बाजारात मावशी तिच्या पाटीचे भाव ओरडायची आणि ती बोटांनी दाखवायची. पहिले काही दिवस ती तोंड उघडून गप्प व्हायची, ते मला बघवायचं नाही, म्हणून मी उगाच मागच्या दारानं जायचे.

पाहुण्यांचं हरिहरेश्वर त्या पंधरवड्यात जमलंच नाही. मग आणखी एकदा पुढे गेलं. शेवटी दिवाळी उरकल्यावर तारीख नक्की झाली. सर म्हणाले, तुमच्या आत्यांचा सत्कार करू, शाल-श्रीफळ. पोस्टर आलं तर त्यावर आत्याचा हसरा फोटो आणि खाली तोच जुना मजकूर, पारंपरिक धवल्यांचं सादरीकरण. मी म्हटलं, सर, हे काढा. काय सादर करणार ती? सर माझ्याकडे बघेनात. मजकूर वरून मंजूर झालेला होता, निधी धवल्यांवरच आलेला होता. 'तुम्ही दोन ओळी म्हणा, वेळ मारून नेऊ,' असं म्हणाले. ते पोस्टर मी माझ्या हातानं लावलं. भिंतीवर ते माझ्याकडे बघून हसत होतं.

वाड्यात मी काही सांगितलं नाही. कुठल्या कपाळानं सांगणार? पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर आई दारात उभी, म्हणाली, ती बघ. गल्लीच्या समुद्राकडच्या टोकाला आत्या होती. नाहलेली, नवी नऊवारी, गळ्याची पट्टी पदरानं झाकलेली, हातात हळदीकुंकवाचं ताट. पहिल्या दारात गेली, उंबऱ्याच्या आत पाय टाकला, बाईला कुंकू लावलं. मग बाहेर येऊन टेकाडावरच्या उपकेंद्राकडे बोट दाखवलं आणि हात गोल फिरवला, सगळ्यांनी. मग पुढचं दार. मी ताट घ्यायला गेले तर तिनं दिलं नाही. एकही घर तिनं सोडलं नाही. आमच्याही दारात आली, मला कुंकू लावलं, आणि जशी परक्या घरी करेल तशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या. माझ्या नोकरीत प्रथमच मला फोटो कुठूनही काढता आला असता. बायका दागिने घालून, बापे इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. पाहुणे चकित झाले, संचालकांनी माईकवरून प्रसिद्धी समितीचं अभिनंदन केलं. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. भाषणं झाली. पाहुण्यांनी लोकसंस्कृती जपली पाहिजे म्हणून सांगितलं. मग आत्याला मांडवाखाली बसवलं, खरंच घातला होता मांडव, कलश, आंब्याची पानं. निवेदकानं जाहीर केलं, आता धवले.

आत्यानं माईक घेतला. तिनं माईक तसाच माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं मला खाली, तिच्या बाजूला, बसवलं.

समोर आवतणाची माणसं होती. तिनं जोडायचं ते जोडलं होतं, आता पुढचं माझ्याकडे होतं. मी गावदेवीला बोलावलं. माझा आवाज कसला, फाटका, शाळेत कविता म्हणावी तसा. दर्याला बोलावलं. आत्याचा हात माझ्या मनगटावर ठेका देत होता. डोंगराला बोलावलं. आणि थांबले.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती पुढचं म्हणत होती, माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सावकाश उमटवत, मला वाचता यावा म्हणून. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काहीही ओळखू येईना. एक नाव गेलं, दुसरं गेलं. मी नुसती मान हलवत होते, नाही गो, नाही कळत. माझी शांतता लांबली तसं संचालकांना वाटलं की संपलं. ते शाल घेऊन उठले आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. पाहुण्यांनी वाजवल्या, मुलांनी वाजवल्या. वाड्यातलं कुणी वाजवत नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की डोंगराच्या पुढं पुष्कळ आहे.

कुणीतरी फोटो काढला. आत्याच्या खांद्यावर शाल पडली तरी तिचे ओठ थांबले नाहीत आणि मनगटावरचा ठेकाही थांबला नाही. ती बोलावतच होती, एकामागून एक, आणि कुणाकुणाला, ते मला कळत नव्हतं.